बदक आजारी का पडत नाही?

फेब्रुवारी 2022. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभरेक कोंबड्या पटापट मेल्या. बर्ड फ्लूचं निदान झालं आणि एक किलोमीटर परिसरातले सुमारे 25 हजार पक्षी मारायचं ठरलं. डोंबिवलीतल्या एका चिकनच्या दुकानापुढे कुणीतरी निकाल देऊन टाकला, "फ्लू आणतात बदकं, मरतात कोंबड्या. बदकाची इम्युनिटी स्ट्राँग!"

हा 'स्ट्राँग' खटकतो. कोरोनात काढ्यापासून गोळ्यांपर्यंत सगळं याच शब्दावर खपलं. प्रतिकारशक्ती म्हणजे काही दंड नव्हेत, की फुगतील तितके बरे.

बदकाच्या पेशीत रिग-आय नावाचं प्रथिन असतं. फ्लूच्या विषाणूचा आरएनए दिसला की ते पेशीला जागं करतं. कोंबडीकडे त्याचं जनुकच नाही, हे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात कॅथरिन मेगर यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं. बदकाचं जनुक कोंबडीच्या पेशींत घातल्यावर विषाणूची वाढ घटली. तेव्हा फरक ताकदीचा नाही, वेळेचा आहे. बदक लवकर जागं होतं आणि लवकर निवतं. कोंबडीत विषाणू अंगभर पसरतो, मग शरीर उशिरा पेटतं.

पण वटवाघूळ इथे आडवं येतं. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहचा माग लागला होता. माणसाचा जीव घेणारा हा विषाणू वटवाघळाला सहसा आजारी पाडत नाही. त्याच्या पेशींतली 'स्टिंग' नावाची धोक्याची घंटा मुळातच मंद आहे. उडताना शरीरावर इतका ताण येतो की पेशींतला डीएनए तुटतो. दरवेळी घंटा घणघणली तर त्या सुजेनेच जीव जाईल, असं संशोधकांचं अनुमान आहे. म्हणजे एकाची घंटा लवकर वाजते, दुसऱ्याची हळू, आणि तगतात दोघेही. वेळेचा हिशोबही अपुराच पडला.

वेहळोलीतल्या धडधाकट कोंबड्या मारणं तेव्हा क्रूर वाटलं होतं. आज तसं ठामपणे म्हणवत नाही. बर्ड फ्लूच्या सौम्य एच-5 विषाणूला वाढायला आतड्यातली नि श्वसनमार्गातली ठरावीक विकरं लागतात. कोंबड्यांच्या दाटीत फिरता फिरता त्याच्या एका प्रथिनाच्या जोडावर चार-दोन अमिनो आम्लं वाढली, की तोच विषाणू कुठल्याही अवयवात वाढू लागतो. बदकाने निभावून नेलेला विषाणू खुराड्यात असा जहाल होऊ शकतो.

सगळे रानपक्षी बचावतात असंही नाही. जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत मेलेल्या बगळ्यांत बर्ड फ्लूच सापडला. बदक मात्र बहुतेकदा आजारी न दिसता विष्ठेतून पाण्यात विषाणू सोडत राहतं. तळ्याकाठच्या परसात कोंबड्यांचं पाणी उघड्या परळात असतं. निदान हिवाळ्यात तरी तो परळ छपराखाली न्यावा, आणि त्यात तळ्याचं पाणी ओतू नये.