देवावर सोड म्हणताना

'देवावर सोड' हे मी ज्या सहजतेने म्हणते, ते कोणाच्या सोयीसाठी?

आमच्या महिला भजनी मंडळात येणारी एक जण वीस वर्षं सीआरपीएफमध्ये काढून कागलला परतली आहे. कोल्हापूर जिल्ह्याला फौजी नवा नाही. सैनिक टाकळीनं तर नावातच सैनिक घेतलाय. निवृत्त जवानाची हलगी लावून मिरवणूक निघते, मग पारावर बसून तो काश्मीर सांगतो आणि गाव ऐकतं. हिनंही काश्मीर पाहिलं, छत्तीसगड पाहिलं. हिला बायका विचारतात, 'आता तरी घराकडं बघणार न्हवं?' विचारणाऱ्यांत मी नसते, पण हसणाऱ्यांत असते.

सीआरपीएफची पहिली महिला बटालियन 1986 साली उभी राहिली. 2007 मध्ये लायबेरियात शांतिसेनेसाठी गेलेलं महिलांचं पथकही याच दलाचं. तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय भूदल, नौदल, हवाई दलातून आलेल्यांसाठी. सीआरपीएफ गृहखात्याचं. म्हणजे कागदोपत्री ही 'माजी सैनिक'सुद्धा नाही. उरलं घर आणि उरलं देऊळ. देऊळ म्हणजे आम्हीच की!

कार्तिकातल्या काकडआरतीला ती सगळ्यांच्या आधी हजर. सतरंज्या अशा अंथरते की काठाला काठ लागतो. स्वतः मात्र मागच्या खांबाला पाठ लावून बसते. 'पुढं ये, मूर्ती नीट दिसंल,' म्हटलं, तर म्हणाली, 'काकू, हितनं दार दिसतंय. बरं पडतंय.' पायरीवर कुणी नारळ आपटला की तिच्या हातातले टाळ थांबतात. एकदा भजनानंतर ती काहीतरी सांगू लागली होती, रस्त्याचं, गाडीचं. दोन वाक्यं झाली असतील. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, देवावर सोड. ती गप्प झाली. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यात भक्ती किती आणि भीती किती? भीतीच जास्त. तिचं सगळं ऐकलं तर मला रात्री झोप लागायची नाही.

हरिपाठानं तिला बरं वाटतं, हे खोटं नाही. कॅम्पातल्या मंदिरात कुणी काही विचारत नसे, तसंच इथं, असं ती म्हणते. गैबीच्या दर्ग्यातही ती जाते. कागलात त्याचं कुणाला नवल नाही. न विचारणं हाही आधार असतो. पण ती बोलू पाहते तेव्हाचं माझं न विचारणं त्या जातीचं नव्हे, आणि दोन्हीला मी एकच नाव देते: श्रद्धा.

आता 26 जानेवारीला तिचा सत्कार करायचं मंडळात ठरतंय. सूचना माझी. चौकात लावायच्या फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली अध्यक्षा म्हणून कोणाचं नाव, तेही मी मनात छापून ठेवलंय. तिला विचारायचं मात्र राहिलंय.