बीडचं शेण कुठं पडतं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. या स्थलांतरावर बरंच लिहून झालं आहे. पण गाडी सेंटरवाल्यांचे, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्यांचे, बैलही सोबत जातात, याचा मातीशी संबंध सहसा कोणी जोडत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांच्या तळावर हे बैल हंगामभर वाढे खातात आणि शेणही तिथंच टाकतात. बालाघाटावरच्या उथळ, मुरमाड रानाला ज्याची सर्वांत जास्त गरज, ते परजिल्ह्यात पडतं. गावाकडचा उकिरडा तेवढे महिने आहे तेवढाच राहतो.

मातीचा हिशेब असाच मांडावा लागतो: काय आलं, काय गेलं. अंबाजोगाई-परळीकडं सोयाबीन. एक क्विंटल सोयाबीन आडतीवर गेलं की त्यातून सहा किलोवर नत्र जातो. त्यातला बराच मुळांवरच्या गाठींनी हवेतून घेतलेला असतो, हे खरं. पण पालाश आणि स्फुरद हवेत नसतात, ते रानातूनच जातात. कापसाचं वेगळं. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ती मातीतलं फारसं नेत नाही. नेते ती सरकी. तिची पेंड भलत्याच गोठ्यात जाते आणि पऱ्हाट्या चुलीत, नाहीतर बांधावर पेटवलेल्या. बदल्यात येते युरियाची गोणी. तिच्यात 46 टक्के नत्र, पण ज्यावर माती भुसभुशीत राहते आणि पाणी धरते, तो सेंद्रिय कर्ब तिनं भरून निघत नाही.

2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की तो कमी धरतात आणि सल्ला ठरलेला: शेणखत टाका. कुठल्या गोठ्यातलं? ट्रॅक्टर आल्यावर दावणी रिकाम्या झाल्या, उरलेले बैल तोडीला.

म्हणून नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी पद्धत मला इथं कामाची वाटते. मूळ भातासाठीची, पण कापूस-सोयाबीनलाही चालते. गादीवाफा एकदाच करायचा, पुढं नांगर घालायचा नाही. पीक कापून मुळं रानातच कुजू द्यायची. बाहेरून काही वाहून आणायला नको. तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, ही तिची खुपणारी बाजू. गोदाकाठी, माजलगाव-गेवराईच्या कालव्याखाली तर उसाचं पाचट सरीत दाबलं तरी पुष्कळ; तिथं अजून काडी लावतात, आणि वर पाण्याच्या अतिरेकानं काळी जमीन चोपण होते.

पण हे सगळं करायला माणूस घरी हवा. खड्डे भरायचे, बांध घालायचे, धसकटं राखायची ती हिवाळ्या-उन्हाळ्यात. नेमका तेव्हा तो कारखान्याच्या तळावर, कोपीत असतो. रान वर्षाच्या बटाईनं दिलेलं. पुढच्या साली जमीन हातात राहील की नाही हे माहीत नसलेला बटाईदार तीन वर्षांनी फळणारं काम का करील? कृषी खात्याच्या शिबिरांत हा प्रश्न येत नाही, कारण तो मजुरीचा आहे, मातीचा नाही, अशी समजूत. नाडेप खताच्या टाक्या आणि बांधबंदिस्ती रोजगार हमीत बसतात. आपल्याच शिवारातल्या या कामाची मजुरी दिवाळीपासून वेळेवर मिळाली आणि उचलीच्या तोडीस तोड ठरली, तर काही कोयते गावात थांबतील, काही बैलही.