ध्वजाचा इतिहास मुलांस किती सांगावा?

स्वातंत्र्यदिनाचा ध्वज उतरून महिना लोटतो न लोटतो तोच, १७ सप्टेंबरला, आपल्या बीदर-कलबुर्गी भागात राष्ट्रध्वज पुन्हा चढतो. मुले साहजिकच विचारतात की हा दुसरा झेंडा कशाचा. वडीलधारी मंडळी ‘त्या दिवशी निजामाचे राज्य गेले’ एवढेच सांगून विषय मिटवितात. हे आखडते घेणे योग्य की अयोग्य, याचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

रंगांचा अर्थ मुलांस तोंडपाठ असतो. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने हा ध्वज स्वीकारला, तेव्हा डॉ. राधाकृष्णन यांनी केशरी रंगात वैराग्य, पांढऱ्यात सत्याचा प्रकाश व हिरव्यात भूमीशी असलेले नाते सांगितले होते. त्यापूर्वी १९३१ साली काँग्रेसनेही या रंगांस धर्मभेदाचा अर्थ नाही असे स्पष्ट केले होते. तथापि केशरी आपला व हिरवा त्यांचा, ही वाटणी पुष्कळ घरांतून मुलांच्या कानी पडतेच. रंगांचा अर्थ पाठ करून घेतल्याने ती पुसली जात नाही, कारण तिचे मूळ आपण न सांगितलेल्या इतिहासात आहे.

तो इतिहास असा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा चढला, परंतु हैदराबाद संस्थानात तो फडकविणे हा अपराध होता. स्टेट काँग्रेसचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ यांस त्याच दिवशी अटक झाली. पुढील तेरा महिने रझाकारांच्या दहशतीत गेले. मे १९४८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील गोरटा गावी भीषण कत्तल झाली. तेथे आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’ पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांस हैदराबादेत रझाकारांनी ठार केले. संस्थानाने हिंदुस्थानात सामील व्हावे असे निर्भयपणे लिहिणे, हाच त्यांचा अपराध. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली.

येथवर सांगणारे थोडे तरी आहेत. येथून पुढे सांगणारा विरळा. ध्वज आल्यानंतरच्या दिवसांत याच प्रदेशात असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. पं. सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस गावोगाव फिरून चौकशी केली व मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांजबरोबर गुलबर्गा व बीदर ही नावे आहेत. कित्येक हिंदूंनी प्राण धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केले, हेही त्याच अहवालात नमूद आहे. हा अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला.

कोणी म्हणेल, कोवळ्या मनास हे विष कशाला? ही शंका आम्ही हलकी लेखीत नाही. अर्धवट रागाने सांगितलेली गोरट्याची कथा मुलाच्या मनात वैराचे बीज पेरू शकते हे खरे. परंतु त्यावर उपाय मौन हा नव्हे. आपण न सांगितले तरी मूल ती कथा कोठेतरी ऐकणारच. मात्र तेथे ती अर्धीच ऐकेल, आणि कोणती अर्धी ते सांगणाऱ्याच्या मर्जीवर राहील. आमच्या घरी पूजेअर्चेबरोबर महाभारतही वाचले जाते. व्यासांनी द्रौपदीच्या निद्रिस्त पुत्रांचा वध सांगितला, तसा युधिष्ठिराने उच्चारलेला ‘नरो वा कुंजरो वा’ हा अर्धसत्याचा प्रसंगही सांगितला. आपल्या पक्षाचा दोष झाकला नाही, म्हणून कोणाही मुलाची धर्मावरील श्रद्धा डळमळली असे आमच्या पाहण्यात नाही.

शिवाय ध्वजावरील चक्र कोणाचे? सारनाथच्या स्तंभावरून घेतलेले ते चोवीस आऱ्यांचे चक्र अशोकाचे, आणि कलिंगात एक लक्ष माणसे मारली व दीड लक्ष देशोधडीस लाविली याचा पश्चात्ताप त्याच राजाने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरविला. जेत्याने आपला अपराध दगडावर लिहून ठेवावा, याहून मोठा धडा मुलांस कोणता द्यावयाचा? त्यासाठी सारनाथास जाण्याचेही कारण नाही. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नती येथे, चंद्रलांबेच्या देवस्थानात, १९८६ साली कालीमंदिराचे छत कोसळले. तेव्हा देवीच्या पीठाखाली अशोकाच्या लेखांची शिळा सापडली. तीवर बारावा लेख आहे. स्वतःच्या पंथाची स्तुती करण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय. कित्येक शतके देवीची पूजा त्या शिळेवर होत होती आणि कोणास त्याची वार्ता नव्हती! जवळच्या कनगनहळ्ळीच्या उत्खननात तर ‘राया असोको’ अशा अक्षरांसह राजाचे शिल्पही मिळाले.

वय पाहून सांगावे हे आम्हांस मान्य आहे. सात-आठ वर्षांच्या मुलास चक्र, त्याचे आरे व ध्वजाची घडी करण्याची रीत पुरे. ध्वजाची खादी उदगीरकडे विणली जाते, हेही त्यास गोड वाटेल. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र गोरटा, शोएबुल्ला खान आणि सुंदरलाल समिती ही तिन्ही नावे एकाच दिवशी, एकाच बैठकीत सांगावीत. निरनिराळ्या दिवशी सांगितल्यास मूल आपणांस आवडेल तेवढेच लक्षात ठेवते.

मैलूरच्या वाचकांस आमची एक विनंती आहे. १९४८ साली ज्यांस कळू लागले होते अशी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. येत्या १६ सप्टेंबरच्या सायंकाळी, आरतीनंतर, मुलांस घेऊन अशा एखाद्या आजी-आजोबांकडे जावे. हिंदूंच्या घरी जावे, तसेच मुसलमानांच्या घरीही जावे. प्रश्न मुलांनीच विचारावेत व वडिलांनी मध्ये बोलू नये.