आकाशाची साक्ष: छायाचित्र-संस्करण आणि प्रामाण्याचा प्रश्न

आकाशातील एखाद्या तेजोमेघाचे छायाचित्र कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटते तसेच, काहीही हात न लावता, पडद्यावर उघडले तर तेथे जवळजवळ नुसता काळोख दिसतो. १४ बिटांची रॉ फाइल, म्हणजे संवेदकाने मोजलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद, प्रत्येक बिंदूची तेजस्विता १६,३८४ पायऱ्यांवर मांडते. तेजोमेघाचा मंद प्रकाश त्यांतील अगदी तळाच्या काही पायऱ्यांवर दाटीने बसलेला असतो आणि नेहमीच्या पडद्याला दर रंगामागे केवळ २५६ पायऱ्या दाखवता येत असल्यामुळे ती सारी दाटी काळ्यात बुडून जाते. सिरिल, पिक्सइनसाइट किंवा फोटोशॉप यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही दाटी ताणून पसरवली की तेजोमेघ दिसू लागतो. बोलीत ज्याला एडिटिंग म्हणतात ते हे संस्करण टाळण्याची सोयच नाही, कारण कॅमेरा स्वतःहून तयार जेपीजी प्रतिमा देतो तेव्हाही हीच ताणाताणी कारखान्यात ठरलेल्या नियमांनी आधीच उरकलेली असते. म्हणून ‘फोटो खरा की एडिट केलेला’ हा रोजचा प्रश्न या क्षेत्रात निरुपयोगी ठरतो आणि त्याच्या जागी एक जुना प्रश्न येऊन उभा राहतो: अशी प्रतिमा पाहून जे ज्ञान होते, ते कोणत्या प्रमाणाने होते? प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानलेली आहेत.

संस्करणात नेमके काय घडते हे मराठवाड्यातील एखाद्या उन्हाळी रात्रीचा विचार केला की चांगले उमगते. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ युरोपातील बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर कधी येतच नाही. नांदेडहून मात्र तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे २३ अंश आणि लातूरहून सुमारे २४ अंश उंचीपर्यंत चढतो आणि एप्रिल-मे महिन्यांत रात्रीच्या सोयीच्या वेळी दिसतो. नेमक्या याच महिन्यांत संवेदक तापलेला असतो. उष्णतेमुळे प्रकाश नसतानाही संवेदकावर जो खोटा विद्युतभार साठतो, तो तापमान साधारण ६ ते ७ अंश सेल्सियसने वाढले की दुप्पट होतो, त्यामुळे जानेवारीच्या रात्रीपेक्षा मे महिन्याची रात्र १५ अंशांनी अधिक उष्ण असेल तर हा दोष चार-पाच पटींवर जातो. त्यावरचा उपाय असा की, दुर्बिणीचे झाकण लावून, त्याच तापमानाला व तितक्याच वेळेची काळोखाची छायाचित्रे घ्यायची आणि मूळ छायाचित्रातून ती वजा करायची. यांना डार्क फ्रेम म्हणतात. भिंगावरील धूळ आणि कडांकडे उतरत जाणारा प्रकाश यांची नोंद एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेऊन करतात आणि तिने मूळ प्रतिमेला भागतात. ही फ्लॅट फ्रेम. एकाच भागाची अनेक छायाचित्रे एकावर एक रचली, म्हणजे स्टॅकिंग केले, की ताऱ्यांचा प्रकाश प्रत्येक वेळी त्याच जागी पडतो आणि यदृच्छेने उमटलेला कण-कण गोंधळ सरासरीत विरून जातो; १०० छायाचित्रे रचली तर तो दहाव्या हिश्शावर येतो.

या सर्व क्रियांना वेदान्तातील उपाधी ही कल्पना तंतोतंत लागू पडते. स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा भासतो. तो तांबडेपणा स्फटिकाचा नसतो, सान्निध्यामुळे त्याच्यावर आलेला असतो, आणि अशा सान्निध्याने दुसऱ्यावर आपला धर्म लादणाऱ्या वस्तूला उपाधी म्हणतात. संवेदकाची उष्णता, भिंगावरची धूळ आणि कडांचा अंधार या यंत्राच्या उपाधी आहेत. त्या काढल्याने आकाशाचे काहीच कमी होत नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते. अर्धापूरच्या शिवारातून दक्षिणेकडे कॅमेरा रोखला तर नांदेड शहराचा उजेड प्रतिमेच्या खालच्या बाजूला पिवळसर साय धरल्यासारखा पसरतो, आणि संस्करणात तो चढउतार मोजून काढून टाकला जातो, म्हणजे नांदेडच्या आकाशातून नांदेड वजा केले जाते. हा उजेड ताऱ्यांचा नाही हे खरे. परंतु त्या रात्री त्या शिवारातून दिसणाऱ्या आकाशाचा तो भाग होता, हेही तितकेच खरे. शिवाय विरळ पसरलेला तेजोमेघ आणि शहराचा उजेड यांचा पोत कधीकधी इतका सारखा असतो की, सॉफ्टवेअर उजेडाबरोबर तेजोमेघही पुसून टाकते. फूल कोणते आणि स्फटिक कोणता, हे तेथे यंत्र ठरवू शकत नाही. ते माणसाला ठरवावे लागते, तेही आधीच्या ज्ञानाच्या आधाराने.

रंगाच्या बाबतीत हा मानवी निर्णय अधिक उघडा पडतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. लहान दुर्बिणीतून तो राखी, फार तर किंचित हिरवट दिसतो, कारण मंद प्रकाशात काम करणाऱ्या दृष्टिपटलावरील दंडपेशींना रंग कळत नाहीत. छायाचित्रातला त्याचा गुलाबी-तांबडा रंग प्रामुख्याने हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशातून येतो, म्हणून तो डोळ्याला दिसत नसला तरी काल्पनिक म्हणता येत नाही. हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघातील धूलिस्तंभांचे जगप्रसिद्ध चित्र याच्याही पलीकडे जाते: त्यात गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग नेमून दिलेला आहे. हायड्रोजन वस्तुतः तांबडा प्रकाश देत असताना त्याला हिरवा करणे हे असत्य नव्हे, तो संकेत आहे, आणि संकेत जाहीर केलेला असेपर्यंत त्याने कोणाची फसवणूक होत नाही.

आता प्रमाणाचा प्रश्न. गौतमाच्या न्यायसूत्रांनुसार इंद्रिय आणि वस्तू यांच्या संनिकर्षातून उपजलेले, शब्दावर न विसंबणारे, न चुकणारे आणि निश्चयात्मक ज्ञान ते प्रत्यक्ष. चष्म्यातून पाहिलेले जग प्रत्यक्षच मानले जाते, दुर्बिणीतून पाहिलेला गुरूही मानला जातो. मग संवेदक आणि सॉफ्टवेअर यांना केवळ लांबवलेला डोळा का म्हणू नये, असा आक्षेप येथे सहज निघतो. उत्तर असे देता येईल की, चष्मा एकदा डोळ्यावर चढवल्यावर काय दाखवायचे हे तो ठरवत नाही, तर संस्करणात प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काय ठळक करायचे आणि काय मागे सारायचे याचा निवाडा करीत असतो. जेथे सांगण्याची इच्छा, म्हणजे शास्त्रात जिला विवक्षा म्हणतात ती, शिरते, तेथे ज्ञान प्रत्यक्षाच्या प्रांतातून बाहेर पडून शब्दप्रमाणाच्या प्रांतात जाते. संस्कारित आकाशचित्र हे आप्तवाक्य आहे: ज्याने वस्तूचा साक्षात् अनुभव घेतला आणि ती जशी आहे तशी इतरांना कळावी अशी ज्याची इच्छा आहे, त्याने उच्चारलेले वाक्य.

आकाशचित्रांविषयी भाविक मनाने बोलताना भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपाची आणि अर्जुनाला मिळालेल्या दिव्यचक्षूंची आठवण हमखास काढली जाते. ती उपमा आकर्षक असली तरी चुकीच्या पात्रावर बसवलेली आहे. छायाचित्रकाराची खरी जागा अर्जुनाच्या शेजारी नसून संजयाच्या आसनावर आहे. व्यासकृपेने दुरून पाहणारा, पाहिलेले क्रम लावून सांगणारा, आणि ज्याच्या सांगण्यापलीकडे धृतराष्ट्राला रणभूमीचे काहीही कळण्याचा मार्ग नाही, असा तो वक्ता आहे. पाहणारे सगळे धृतराष्ट्र, हे मान्य करणे थोडे जड जाते, पण तेथूनच योग्य प्रश्न सुरू होतात: संजयाने काय गाळले, काय वाढवले, आणि तो कोणाच्या भाकरीवर होता. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते असे सांगून ठेवले आहे, ही त्या काळच्या मानाने धीट भूमिका होती. आप्तत्व जातीवर किंवा पदवीवर ठरत नाही, ते वस्तूच्या ज्ञानावर आणि सांगण्याच्या प्रामाणिकपणावर ठरते.

साक्षीदारावर आंधळा विश्वास न टाकता त्याची पडताळणी करण्याची युक्ती छायाचित्रणातही सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीपासून आहे. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूरचा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील निजामिया वेधशाळा नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापन केली आणि १९०८ पासून ती संस्थानच्या सरकारकडे आली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेऊन ताऱ्यांची सूची करण्याच्या जागतिक प्रकल्पात तिच्याकडे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. या जागतिक उपक्रमात आकाशाच्या नकाशासाठी घेतलेल्या पट्ट्यांवर प्रत्येक ताऱ्याच्या तीन प्रतिमा छोट्या त्रिकोणात उमटवीत. ज्या ठिपक्याला त्रिकोण नाही तो तारा नसून काचेवरचा डाग समजायचा. एका साक्षीवर न थांबता तीन साक्षी घ्यायच्या आणि त्या जुळतात का ते पाहायचे, हे आजच्या स्टॅकिंगचे बीजच म्हणता येईल. त्याच सावधगिरीने, एम ८७ दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे २०१९ साली प्रसिद्ध झालेले चित्र तयार करताना चार गटांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे प्रतिमा रचल्या आणि मग त्या समोरासमोर ठेवल्या.

परंतु मराठवाड्यात संस्करणाचा धर्माशी थेट संबंध येतो तो दूरच्या कृष्णविवरापाशी नव्हे, रमजानच्या चंद्रकोरीपाशी. नांदेड, लातूर, उदगीर किंवा कंधार येथे रमजान आणि ईद ठरते ती रूयत-ए-हिलालवर, म्हणजे नव्या चंद्रकोरीच्या दर्शनावर, आणि भारतात बहुसंख्य असलेल्या हनफी फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी शाखेत, या दर्शनाचे नियम हे सरळसरळ साक्षीचे नियम आहेत. आकाश निरभ्र असेल तर पुष्कळ लोकांनी पाहिलेले असावे लागते, कारण स्वच्छ आकाशात एकालाच दिसावे हे संशयास्पद. ढगाळ असेल तर रमजानसाठी एका आदिल, म्हणजे सचोटीच्या, व्यक्तीचे सांगणे पुरते, ईदसाठी मात्र किमान दोघांची शहादत, म्हणजे साक्ष, लागते. वात्स्यायनाचा आप्त आणि फिक्हचा आदिल साक्षीदार यांची घडण दोन स्वतंत्र परंपरांत झाली, तरी दोन्हीकडे कसोटी माणसाच्या सचोटीची आहे.

या व्यवस्थेत संस्कारित छायाचित्र आणून ठेवले तर काय होईल? ८ जुलै २०१३ रोजी, त्या वर्षीचा रमजान तोंडावर असताना, फ्रेंच छायाचित्रकार तिएरी लगो यांनी चंद्रकोरीचे चित्र अमावास्येच्या अगदी नेमक्या क्षणी, दिवसाढवळ्या, सूर्यापासून चंद्र अवघा ४.४ अंश दूर असताना घेतले. अवरक्त प्रकाशाचे गाळणे, सूर्यप्रकाश अडवणारा पडदा आणि संस्करण यांखेरीज ते शक्य नव्हते. मानवी डोळ्याला त्या क्षणी कोर दिसण्याची शक्यताच नव्हती. चित्र खरे आहे, त्यात काहीही घुसडलेले नाही. तरीही ते दर्शन मानले तर विपरीत परिणाम निघतो: तशा साधनांना कोर जवळजवळ केव्हाही दिसू शकते, म्हणून ‘आज दिसली नाही’ असे म्हणण्याचा प्रसंग उरणार नाही आणि दर्शनाची अट गणिताच्या अटीत विरघळून जाईल. शंकराचार्यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो: ज्ञान वस्तुतंत्र असते, म्हणजे वस्तू जशी असेल तसे होते, तर विधी पुरुषतंत्र असतो, म्हणजे माणसाने करायच्या कृतीवर अवलंबून असतो. चंद्र कोठे आहे हे वस्तुतंत्र. तो संध्याकाळी पश्चिमेला पाहून मग उपवास सुरू करणे हे पुरुषतंत्र. लगो यांचे चित्र पहिल्याबाबत निर्विवाद प्रमाण आहे आणि दुसऱ्याबाबत अप्रस्तुत आहे. डोळ्याऐवजी दुर्बीण किंवा गणित चालावे असे मानणारे मुस्लिम विद्वानही आहेत, आणि त्यांचे म्हणणे दुबळे नाही; मात्र त्यांना विधीचा अर्थच वेगळा लावावा लागतो. हिंदू व्रतांत दर्शनाकडून गणिताकडे हे स्थलांतर फारसा गाजावाजा न होता कधीच होऊन गेले आहे: पावसाळ्यातील संकष्टीला चंद्र ढगाआड असेल तर पंचांगातील चंद्रोदयाच्या वेळेवर उपवास सोडला जातो, आणि चोखंदळ माणूस फार तर एवढे पाहतो की मुंबईसाठी छापलेल्या वेळेपेक्षा नांदेडचा चंद्रोदय १७-१८ मिनिटे आधी होतो.

राहिला प्रश्न भर घालण्याचा. मंदिराच्या कळसामागे किंवा गुरुद्वाऱ्याच्या घुमटामागे अवाढव्य पूर्णचंद्र दाखवणारी चित्रे सण आले की मोबाइलवर फिरतात. चंद्राचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे, म्हणून १० मीटर रुंदीचा घुमट चंद्राएवढा दिसण्यासाठी छायाचित्रकाराला सुमारे १,१५० मीटर दूर जावे लागते. तेवढ्या अंतरावरून मोठ्या लेन्सने घेतलेले चित्र खोटे वाटले तरी अस्सल असते, आणि घुमटाच्या पायथ्याशी उभे राहून घेतल्यासारखे दिसणारे चित्र कितीही सहज वाटले तरी जोडकाम असते. हे जोडकाम निदान हिशेबाने पकडता येते. २०२३ साली गाजलेले प्रकरण याहून अवघड होते: मुद्दाम अस्पष्ट करून पडद्यावर दाखवलेल्या चंद्राचा फोटो एका नामांकित कंपनीच्या मोबाइलने काढला असता त्यात मूळ चित्रात नसलेले खड्डे आणि डाग उमटले, कारण चंद्र कसा दिसतो हे फोनमधील प्रणालीला आधीच शिकवलेले होते. वेदान्ताच्या परिभाषेत हबलचे हिरवे हायड्रोजन व्यावहारिक सत्तेत बसते, ठरलेल्या संकेतानुसार ते सर्वांना सारखेच मिळते. फोनने उमटवलेले खड्डे मात्र दोरीवर भासणाऱ्या सापासारख्या प्रातिभासिक सत्तेतले आहेत, आणि खऱ्या चंद्रावर तसेच खड्डे आहेत या योगायोगाने त्या भासाचे ज्ञान होत नाही.

मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, दोष दिसल्यावरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून सिद्ध करावे लागते. छायाचित्राच्या पहिल्या दीड शतकात जग बव्हंशी मीमांसकांसारखे वागले आणि आता त्याला नैयायिक होणे भाग पडले आहे. किती छायाचित्रे रचली, कोणते गाळणे लावले, उजेड कसा वजा केला, ही नोंद देणाऱ्या संस्करणकाराची उलटतपासणी करता येते. त्याच कच्च्या फायली घेऊन दुसरा कोणी तीच प्रतिमा पुन्हा रचू शकतो. हजारो परक्या चित्रांवर शिकलेली प्रणाली तपशील भरते तेव्हा कोणता ठिपका आज आलेल्या प्रकाशाने उमटवला आणि कोणता जुन्या चित्रांच्या आठवणीने, हे प्रतिमेतून वेगळे काढता येत नाही, आणि विचारावे तर ते प्रणालीलाही सांगता येत नाही. चंद्रकोरीच्या साक्षीला बसलेला काझी अशा साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारील तो हाच की, तू स्वतः पाहिलेस की लोकांकडून ऐकलेस.