कापलेल्या रकमेचा रकाना

दवाखान्यातून घरी येऊन काही दिवस झाले की विमा कंपनीचं क्लेमचं पत्र येतं. हल्ली बहुधा मोबाइलवरच, पीडीएफमध्ये, आणि अक्षर मुंगीएवढं. सत्तरीतला माणूस त्यात शेवटचा आकडा तेवढा शोधतो. बिल अडीच लाखांचं, मंजूर एक लाख ऐंशी हजार. मग ‘मिळालं ते आपलं’ म्हणतो, नाहीतर ‘सगळे लुटारू’. दोन्हीपैकी काहीही म्हटलं तरी कागद बंद होतो तो कायमचाच.

वाचायचा असतो तो मधला रकाना, कापलेल्या रकमेचा. डायपर, क्रेप बँडेज, सोबत राहिलेल्याचं जेवण असल्या गोष्टी बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. त्यांवर डोकं खपवू नये. को-पे असेल तर आपला वाटा पॉलिसी घेतानाच ठरलेला असतो. मोठी रक्कम बहुधा ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ या नावाखाली गेलेली असते, आणि ते प्रकरण खोलीपासून सुरू होतं.

समजा, विमा तीन लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. ॲडमिट करताना मुलगा म्हणतो, “बाबांना जनरलमध्ये नको,” आणि पाच हजारांची खोली घेतो. चार दिवसांचे वरचे आठ हजार खिशातून भरू, असा त्याचा हिशेब. पण पॉलिसीत तशी अट असेल तर कंपनी तीनास पाच हे प्रमाण सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांच्या बिलालाही लावते. ते बिल लाखाचं असलं, तर आणखी चाळीस हजार गेले. आठाचे अठ्ठेचाळीस झाले, तेही प्रेमापोटी घेतलेल्या खोलीमुळे.

बाबांना हे कळतं. हयातभर कचेरीत खतावण्या जुळवलेल्या माणसाला तीनास पाच न कळायला काय झालं! न कळल्याचं ते सोंग असतं. विचारलं तर मुलाला लागेल, शिवाय ‘माझ्यामुळे एवढा खर्च’ हे मनात आहेच. म्हणून पत्र मिटून कपाटात जातं. घरातल्या कितीतरी गप्प बसण्यांमागे समजूतदारपणा असतो. इथे मात्र त्याचा फायदा फक्त कंपनीला होतो.

कारण ही कपात सरसकट करता येत नाही. विमा नियामकाने 2020 साली स्पष्ट केलं होतं की औषधं, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांना हे प्रमाण लावायचं नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. जिथे खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नाहीत, त्या दवाखान्याच्या बिलालाही नाही. तेव्हा गुडघ्याच्या इम्प्लांटची रक्कम त्याच प्रमाणात कापलेली दिसली, तर कंपनीला लिहून विचारावं: पॉलिसीच्या कोणत्या कलमाने? नाकारलेल्या रकमेला कलमाचा आधार देणं कंपनीवर बंधनकारक आहे. यात मिंधेपणा कसला? हप्ता भरताना आपण सवलत मागितली नव्हती.

तक्रारीला महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत आहेत, पुण्यातही. फी नाही, वकील नाही, पन्नास लाखांपर्यंतचा दावा चालतो. मुदत मात्र वर्षाची, कंपनीचं उत्तर आल्यापासून किंवा उत्तराविना तो महिना उलटल्यापासून. मुलाला बोलावून चष्मा लावून दोघांनी तो रकाना एकदा वाचावा. खोलीचा विषय निघेल, त्याचं तोंड उतरेल. निघू द्यावा. पुढच्या वेळी ॲडमिशनच्या खिडकीशी पॉलिसीतली खोलीची मर्यादा तोच आधी विचारेल.