ग्नू, लिनक्स आणि मधली तिरकी रेघ

१९९१ सालच्या सप्टेंबरात हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला कर्नल इतरांना उतरवून घेता यावा म्हणून फिनलंडमधल्या एका एफटीपी सर्व्हरवर ठेवायला दिला. नाव त्याने 'फ्रीक्स' ठरवलं होतं. 'लिनक्स' हेही त्याच्या मनात येऊन गेलं होतं, पण आपलंच नाव असं मिरवणं त्याला आत्मप्रौढीचं वाटलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना 'फ्रीक्स' काही आवडलं नाही. त्यांनी फोल्डरला परस्पर 'लिनक्स' नाव दिलं आणि बारसं उरकलं.

नाव पडलं ते कर्नलचं. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असतो. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रामला द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्क आणि कीबोर्डशी कसं बोलायचं, हे तो पाहतो. पण नुसत्या कर्नलपुढे बसलेल्या माणसाला साधी आज्ञाही देता येत नाही. त्यासाठी शेल लागतं, प्रोग्राम तयार करायला कंपायलर लागतो, फायली हलवणारी, शोधणारी, पुसणारी शेकडो छोटी साधनं लागतात. टोर्वाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी जे पहिलं जाहीर निवेदन केलं, त्यात ही साधनं कुठून आली तेही होतं. बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० आपल्या सिस्टीमवर चालू लागले आहेत, असं त्यांनी कळवलं होतं. हा केवळ छंद आहे, ग्नूसारखं मोठं आणि व्यावसायिक काम यातून व्हायचं नाही, असंही ते म्हणाले होते. बॅश हे शेल आणि जीसीसी हा कंपायलर, दोन्ही ग्नू या प्रकल्पातले.

ग्नूची घोषणा रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी केली होती. युनिक्ससारखी, पण कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची, हा संकल्प. त्यासाठी त्यांनी एमआयटीतली नोकरी सोडली आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. १९९० पर्यंत मजकूर-संपादक, कंपायलर, शेल असं बहुतेक सगळं तयार झालं. राहिला कर्नल. त्याचं नाव स्टॉलमन यांनी आपल्या प्रेयसीवरून 'अॅलिक्स' ठरवलं होतं. युनिक्सच्या नामपरंपरेत ते चपखल बसत होतं आणि ते तिच्यापासून गुपित राखायचं होतं. पुढे हे प्रेमही टिकलं नाही आणि ते नावही. मुख्य प्रोग्रामरला 'हर्ड' आवडलं. हर्ड आजही रोजच्या वापराच्या जवळ आलेला नाही.

ग्नूच्या घरातली ही रिकामी जागा टोर्वाल्ड्स यांच्या कर्नलने भरली. १९९२ साली त्यांनी तो ग्नूच्याच जीपीएल या परवान्याखाली आणला; घेणाऱ्यालाही कोड बदलण्याची आणि वाटण्याची तीच मुभा द्यायची, ही त्याची अट. दोन्ही भाग जोडून तयार सिस्टीम, म्हणजे 'वितरण', वाटणाऱ्या मंडळींनी नाव मात्र एकाचंच घेतलं. लोक 'लिनक्स' म्हणू लागले.

याला पहिला ठळक अपवाद डेबियन या वितरणाचा. इयन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या या प्रकल्पाचं नाव त्यांची प्रेयसी डेब्रा आणि इयन या जोडीवरून आलं. (या क्षेत्रात प्रेयसींच्या नावांना बराच भाव होता असं दिसतं.) १९९४ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याला आर्थिक आधार दिला आणि त्याच सुमारास 'डेबियन ग्नू/लिनक्स' हे नाव आलं. मग मे १९९६ मध्ये ईमॅक्स या ग्नूच्या मजकूर-संपादकाची १९.३१ ही आवृत्ती निघाली. तिच्या जुळणीच्या फायलींत जिथे 'लिनक्स' लिहिलेलं असायचं, तिथे स्टॉलमन यांनी 'लिग्नक्स' लिहिलं होतं. शब्द इतका कुरूप होता की विरोधकांना फार कष्ट पडले नाहीत. थोड्याच काळात तो मागे घेतला गेला आणि तिरकी रेघ असलेलं 'ग्नू/लिनक्स' पुढे आलं. ही रेघही उच्चारावी, 'ग्नू स्लॅश लिनक्स' असं म्हणावं, ही स्टॉलमन यांची शिफारस. ती पाळणारे थोडेच.

मागणी काय होती? वरवर पाहता श्रेयाची. स्टॉलमन एका सीडी विक्रेत्याने नव्वदच्या दशकात केलेली मोजणी पुढे करत. त्या विक्रेत्याच्या वितरणात २८ टक्के कोड ग्नूचा होता आणि कर्नल केवळ ३ टक्के. आकडा प्रभावी आहे, पण वाद आकड्यांवर नेला की तो दुसऱ्यालाही मोजता येतो. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टीम एमआयटीची, मग तिचं नाव का नको? नेटवर्कचा बराच वारसा बर्कलीचा, त्याचं काय? २०११ साली उबुंटू या वितरणाच्या एका आवृत्तीचा असाच हिशेब मांडला गेला, तेव्हा ग्नूचा वाटा सुमारे ८ टक्के निघाला आणि कर्नलचा सुमारे ९. टोर्वाल्ड्स यांचं म्हणणं साधं होतं: कोणी ग्नूचं स्वतःचं वितरण काढलं तर त्याला ग्नू लिनक्स खुशाल म्हणावं, सगळ्यांनाच तसं म्हणणं हास्यास्पद आहे.

यावर स्टॉलमन यांचं खरं उत्तर टक्क्यांचं नव्हतंच. एक्सवाले एक साधन लिहीत होते, टोर्वाल्ड्स कर्नल लिहीत होते. संपूर्ण मुक्त सिस्टीम उभी करायची म्हणून कामाला लागलेला प्रकल्प एकच होता, आणि नावात त्याचा हेतू यायला हवा. हा युक्तिवाद पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. त्यांनी सुरुवात हिशेबाने केली नसती, तर कदाचित तो ऐकूनही घेतला गेला असता. मानपानाची तक्रार म्हणून ऐकलेली गोष्ट पुन्हा तत्त्व म्हणून ऐकवणं फार अवघड जातं.

हेतूचं प्रकरण १९९८ साली अधिकच चिघळलं. नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा २२ जानेवारीला केली. या घोषणेचा उपयोग कसा करून घ्यायचा हे ठरवायला ३ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत काही जण जमले, तिथे ख्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की ऐकणाऱ्याला फुकट वाटतं आणि कंपन्या दचकतात, ही अडचण खरीच होती. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स या प्रोग्रामरांनी लगेच ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन केलं. त्यांनी ओपन सोर्सची जी व्याख्या केली, ती डेबियनने १९९७ साली फ्री सॉफ्टवेअरसाठी केलेल्या नियमावलीतून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली होती. दोन्ही नावांखाली येणारे परवाने बहुतांशी तेच राहिले. बदललं ते समर्थन. एकाकडे वापरणाऱ्याचा हक्क, दुसऱ्याकडे चांगलं सॉफ्टवेअर बनवायची सोयीची पद्धत. वर्षभरात, फेब्रुवारी १९९९ मध्ये, स्वतः पेरेन्स यांनीच पुन्हा फ्री सॉफ्टवेअरबद्दल बोलायला हवं असं जाहीर लिहिलं.

या फरकाने प्रत्यक्षात काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी बिटकीपरची हकीकत आहे. २००२ साली टोर्वाल्ड्स यांनी कर्नलमधल्या बदलांची नोंद ठेवायला बिटकीपर हे खासगी मालकीचं साधन निवडलं. कर्नलच्या कामासाठी ते विनामूल्य मिळत होतं. अट अशी की वापरणाऱ्याने स्पर्धक साधन बनवायचं नाही. ही सवलत कंपनी केव्हाही काढून घेऊ शकते, असा इशारा देत स्टॉलमन यांनी विरोध केला. टोर्वाल्ड्स यांचा निकष कामगिरीचा होता: सर्वांत चांगलं साधन वापरायचं, ते मुक्त आहे की नाही हा दुय्यम मुद्दा. तीन वर्षं सुरळीत गेली. मग ऑस्ट्रेलियाचे प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहायला घेतला. ते कसं जमलं, याचं प्रात्यक्षिक त्यांनी पुढे एका परिषदेत दिलं. सर्व्हरला टेलनेटने जोडून घ्यायचं आणि 'हेल्प' टाइप करायचं. सर्व्हर आपल्या आज्ञांची यादी स्वतःच देत होता. कंपनी चिडली आणि एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य परवान्याची सोय गेली. जगभरच्या प्रोग्रामरांच्या कामाची वही अशी एका कंपनीच्या मर्जीवर होती. टोर्वाल्ड्स यांनी कर्नलचं काम बाजूला ठेवून नवं साधन लिहायला घेतलं, ते म्हणजे गिट. काही दिवसांतच ते स्वतःचीच नोंद ठेवू लागलं. त्याला त्यांनी जीपीएल लावला.

शेवट इतका चांगला झाल्यामुळे स्टॉलमन यांचा इशारा त्या वेळी किती नेमका होता, हे सहसा सांगितलं जात नाही.

२००७ साली दोघांच्या वाटा परवान्यावरूनही वेगळ्या झाल्या. टिवो या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स होतं, कोडही मिळत होता, पण बदललेला कोड ते यंत्र चालूच देत नसे. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने ही पळवाट बुजवली. टोर्वाल्ड्स यांना यंत्रावर अशी अट घालणं पटलं नाही आणि कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. ग्नूची साधनं तिसरीवर गेली, तशी अॅपलने जुनी बॅश ३.२ धरून ठेवली आणि २०१९ साली मॅकचं ठरलेलं शेल झेडशेल केलं. रेघेच्या दोन बाजू कायद्याच्या भाषेतही वेगळ्या पडल्या होत्या.

भारतात हे लांब नाव अनपेक्षित ठिकाणी टिकलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने आणलेली सिस्टीम 'बॉस ग्नू/लिनक्स' म्हणवते. केरळच्या शाळांमध्ये 'काइट ग्नू/लिनक्स' चालते. पुण्यातल्या हौशी मंडळींचा जुना 'प्लग' हा गटही 'पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप'. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी वापरातल्या सॉफ्टवेअरसाठी धोरण काढलं तेव्हा मथळ्यात मात्र 'ओपन सोर्स' आलं. आत पाहावं तर कोड अभ्यासण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मुभा ही अट आहेच.

दरम्यान, ज्याला नकार मिळाला ते नाव वर्णन म्हणून उपयोगी ठरू लागलं आहे. अँड्रॉइडमध्ये लिनक्स कर्नल आहे, पण प्रोग्रामना कर्नलशी जोडणारी ग्नूची मूळ लायब्ररी नाही. गूगलने तिथे स्वतःची बायोनिक बसवली. सर्व्हरवर लोकप्रिय असलेलं अल्पाइन हे वितरण ग्नूच्या लायब्ररीऐवजी मसल आणि ग्नूच्या साधनांऐवजी बिझीबॉक्सवर चालतं. म्हणजे जगातली बहुसंख्य 'लिनक्स' यंत्रं आज खिशातले फोन आहेत आणि त्यांत ग्नू जवळजवळ नाही. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये तर फायली हलवणारी, मोजणारी ग्नूची ती छोटी साधनं काढून रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली आली, तीही जीपीएलऐवजी तशी अट नसलेल्या एमआयटी परवान्याखाली. अशा वेळी नुसतं 'लिनक्स' म्हटल्याने प्रोग्रामरला फारसं काही कळत नाही. म्हणून कंपायलरला लक्ष्य सांगताना तो आजही 'लिनक्स-ग्नू', 'लिनक्स-मसल' किंवा 'लिनक्स-अँड्रॉइड' असं स्पष्ट लिहितो. एकासाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर बहुधा सुरूच होत नाही.