पाण्याच्या वाट्यात कोण?

पर्यावरण धोरण शिकताना पहिल्या सत्रात आम्हाला ‘संसाधन व्यवस्थापन’ होतं. ‘न्याय’ शेवटच्या सत्रात, तोही ऐच्छिक.

पहिल्या पेपरात गॅरेट हार्डिन आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा वाद रंगायचा. सामाईक कुरणात जो तो आपली गुरं वाढवणार आणि कुरण उजाड होणार, असं हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं. ऑस्ट्रॉम यांनी ठिकठिकाणची उदाहरणं धुंडाळून दाखवलं, की माणसं एकत्र बसून नियम करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतातही. वर्गात आम्ही सगळे ऑस्ट्रॉमवाले. गाव शहाणं असतं, हे ऐकायला कोणाला आवडत नाही!

असे नियम टिकायला काय लागतं, याची ऑस्ट्रॉम यांनी यादी केली. वापरणारे कोण याची हद्द स्पष्ट हवी, ही त्यातली पहिलीच अट. ती वाचली की मला महाड आठवायचं. चवदार तळ्याची हद्द किती स्पष्ट होती! 1923 मध्ये मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, 1924 मध्ये नगरपालिकेनं तळं खुलं केलं, तरी अस्पृश्यांना तिथं पाणी नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं ते पाणी प्यायली. तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. आमच्या न्यायाच्या पेपराची सुरुवात मात्र 1982 मध्ये, अमेरिकेतल्या वॉरन काउंटीत, विषारी मातीच्या डेपोविरुद्धच्या आंदोलनापासून व्हायची.

हद्द वेगळ्या तऱ्हेनं आखता येते, हे पटलं ते पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीमुळे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी उपसून वाटण्याचं हे काम सुरू केलं. पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. भूमिहीनाला पाणी कशाला, असं कोणीही विचारेल. तो दुसऱ्याचं रान वाट्यानं करतो, आणि एरवी ज्याच्या दारात हात जोडून उभं राहायचं, त्याच्याशी स्वतःचं पाणी घेऊन बोलणी करतो. एवढा एक नियम मला अख्ख्या ऐच्छिक पेपरापेक्षा वजनदार वाटतो.

परीक्षेत या योजनेवर प्रश्न आला होता. उपसा सिंचनाच्या कार्यक्षमतेबद्दल.